‘डेटा रिकव्हर करून घेऊ’ : एका भाबड्या भरवशाविरुद्ध

मराठी विभागांच्या खोल्यांतून अलीकडे एक वाक्य फार सहजपणे कानावर येते : “डिस्क गेली तर गेली, डेटा रिकव्हर करून घेऊ.” बोलणाऱ्याच्या स्वरात काळजी नसते. छत्री दुरुस्तीला टाकावी आणि संध्याकाळी परत आणावी, इतका साधा तो व्यवहार आहे असे त्याला वाटत असते. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य तांत्रिक दृष्टीने चुकीचे आहेच, पण वाङ्मयीन दृष्टीने ते त्याहून घातक आहे. आणि साहित्याच्या अध्यापकांनी ते उच्चारावे, हे तर अक्षम्य आहे. हरवलेली संहिता परत कशी मिळते, किती मिळते आणि कोणामुळे मिळते, हे सांगणारे पाठचिकित्सेचे शास्त्र एम.ए.च्या वर्गात आपणच शिकवत असतो.

विषय हवेतला नाही. आमच्या परिचयाच्या, घाटमाथ्यावरील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील गावांतून जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, भाताच्या लावणीची गाणी आणि धनगरवाड्यांवरच्या कथा जमवल्या होत्या. ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि टंकलिखित संहिता असा हा सारा ऐवज एकाच बाह्य हार्डडिस्कवर होता. ‘आता सगळे डिजिटल झाले’ म्हणून हस्तलिखित वह्या रद्दीत गेल्या होत्या. एका पावसाळ्यात डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला. कोणीतरी ती ओळखीच्या दुकानात नेली. तिथे रात्रभर ‘चेकडिस्क’ चालवले गेले. दुसऱ्या दिवशी डिस्क ओळखही देईना. पुण्यातील एका प्रयोगशाळेने सांगितलेला खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, याचा निर्णय होईपर्यंत एक सत्र उलटले. अखेर काही भाग परत आला. तो कसा आला, हे पुढे सांगतो. एवढा ऐवज गेल्यावर संस्थेत शोकही झाला नाही आणि चौकशीही झाली नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. ग्रंथालयातील कपाट जळाले असते तर निदान पंचनामा झाला असता.

मुळात ही डिस्क मरते कशी? हार्डडिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असतात. वाचणारे-लिहिणारे शीर्ष त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा साधा कणही या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. वीज अचानक गेली, धक्का बसला किंवा शीर्ष झिजले, तर ते तबकडीला घासते, आणि जिथे घासते तिथला लेप खरवडला जातो. खरवडलेल्या लेपावरची अक्षरे जगातील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो; जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते आणि वाऱ्यापावसात वीज दिवसातून कितीदा ये-जा करते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी एकच डिस्क, तीही वीज अखंड ठेवणाऱ्या साधनाशिवाय वापरणे म्हणजे पोथी पन्हाळीखाली उघडी ठेवण्यासारखे आहे.

डिस्क कुरकुरू लागल्यावर काय करावे, याचे नियम गूढ नाहीत. ती ताबडतोब बंद करावी, कारण फिरणारा प्रत्येक मिनिट जखम वाढवतो. तिच्यावर एक अक्षरही नव्याने लिहू नये. ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्तीची आज्ञा देऊ नये, कारण ती आज्ञा मरणाऱ्या तबकडीवर बदल करते आणि तिला पुन्हा पुन्हा राबवते. आवाज येत असेल तर घरगुती प्रयोग थांबवून ती निर्धूळ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच द्यावी. आवाज नसेल, केवळ काही भाग वाचले जात नसतील, तर प्रथम तिची खंडाखंडाने जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि पुढचे सारे काम प्रतीवर करावे. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मुक्त आज्ञाप्रणाली-संच हेच करतो. सहज वाचता येणारा भाग तो आधी उतरवून घेतो, अडणारा भाग मागे ठेवतो, शेवटी तिथे सावकाश परत येतो, आणि काय वाचता आले नाही याची नोंद ठेवतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही हौसेने सांगितला जातो. श्रावणातल्या लोणावळ्यात फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर क्षणार्धात दव धरते, एवढे सांगितले तरी पुरे.

आता पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. मूळ प्रतीवर खाडाखोड करू नये. आधी यथामूल नक्कल करावी. सुवाच्य भाग प्रथम लावावा. न लागलेल्या जागा मनाने न भरता तशाच दाखवाव्यात. जीर्ण पोथी हाती घेणाऱ्या संपादकाला आपण जे शिकवतो तेच हे नियम. तरीही डिस्क हाती येताच आपण हात झटकतो आणि ‘हे तांत्रिक काम आहे’ म्हणून ती दुकानात पाठवतो. वाळवी लागलेली पोथी आपण सुताराकडे पाठवली असती काय?

त्या महाविद्यालयाला जे परत मिळाले त्याचे स्वरूप इथे सांगायला हवे. डिस्कवरील फायलींची अनुक्रमणिका नष्ट झाली असेल, तर सॉफ्टवेअर तबकडीवरचा मजकूर चाळत जाते आणि फायलींच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा ओळखून हे चित्र, हा ध्वनी, हा मजकूर असे तुकडे वेगळे काढते. आशय मिळतो, पण नाव मिळत नाही. ज्या फायलीचे नाव गाव, गाणारी बाई, तारीख आणि विद्यार्थी यांनी मिळून बनले होते, ती आता केवळ एक अनुक्रमांक होऊन येते. एक बाई गाते आहे, जाते घरघरते आहे, मागे पाऊस आहे. ती कोण, कोणत्या गावची, ओवी तिची की तिच्या सासूची, हे सांगणारे काहीही उरलेले नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात अशा ध्वनिमुद्रणाचे मोल किती, हे वाचकांना ठाऊक आहे. ओव्या गाणाऱ्या बायकांना आपल्या वाङ्मयेतिहासाने शतकानुशतके निनावी ठेवले. त्यांची नावे मिळवण्याचे कष्ट एका पिढीने घेतले, आणि ती नावे पुन्हा पुसली गेली.

इथे एक तुलना टाळता येत नाही. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ स्वतःच एक परत मिळवलेला ग्रंथ आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या पुनर्रचनेतून भिन्न पाठ निर्माण झाले. परंपरेने ते पाठ एकत्र कालवून टाकले नाहीत. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, पिढीपाठ अशी त्यांची ओळख राखली. कोणाच्या स्मरणातून काय आले, हे सांगण्याची जबाबदारी त्या लोकांनी मानली. हातात संगणक नसताना, जिवावरच्या संकटातून वाचलेल्या माणसांनी प्रत्येक पाठाचे कूळ सांभाळले. आणि वातानुकूलित खोलीत बसलेले आपण ‘नावे गेली, पण डेटा मिळाला’ म्हणून समाधान मानतो. मुळात डेटा मिळाला असे म्हणता येते काय, हाच प्रश्न आहे.

भाबड्या भरवशाचे मूळ आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण आमच्या परिसरातलेच आहे. लोणावळ्यापाशी उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूला पोहोचते. तिच्या डोहात बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. भाविकाच्या श्रद्धेशी आमचा वाद नाही. मात्र साहित्याचा अभ्यासक जेव्हा या कथेतून ‘खरे वाङ्मय कधी बुडत नाही’ असे तात्पर्य काढतो, तेव्हा आम्हांला थांबवावेसे वाटते. वाङ्मय बुडते. पुष्कळ बुडाले आहे. ते आपल्याला माहीत नाही, इतकेच. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते लिहून घेणाऱ्यांमुळे आणि पाठ करणाऱ्यांमुळे. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ हे तुकोबांचे लेखक म्हणून परंपरेला माहीत आहेत. संताजींची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. त्यांच्या वहीच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२०च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला. त्याआधी सरकारी साहाय्याने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली, १८७३ साली पूर्ण झालेली गाथेची आवृत्ती देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकठिकाणच्या वह्या ताडून तयार झाली होती. गावोगाव वेगवेगळ्या हातांच्या वह्या होत्या, वारकऱ्यांच्या मुखात अभंग होते, म्हणूनच ताडायला काहीतरी होते. ‘रिकव्हरी’ झाली ती आधी झालेल्या नकलांमुळे. देहूत एकच वही आणि तीही एकाच कपाटात असती, तर आज पंढरीच्या वाटेवर काय गायले गेले असते?

तेव्हा प्रश्न केवळ माध्यम टिकण्याचा नाही. काही जण आम्हांला सांगतात की, हार्डडिस्क नाशिवंत असेल तर अधिक टिकाऊ माध्यम घ्या. त्यांना आम्ही कार्ल्याला जाण्याची विनंती करतो. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. दगडाहून टिकाऊ माध्यम ते कोणते? पण एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांसाठी ती अक्षरे केवळ रेघोट्या होत्या. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत हा ‘डेटा’ शाबूत होता आणि तरीही कोणाला वाचता येत नव्हता.

मराठीची नजीकच्या भूतकाळातील संगणकीय संहिता आज नेमक्या याच अवस्थेत आहे. १९९० आणि २०००च्या दशकांत आपण मराठी टंकलेखन केले ते बहुतांशी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांमध्ये. यांतील बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. प्रत्येकाची मांडणी वेगळी. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने न साठवता दिसण्याच्या क्रमाने साठवलेली. फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर दिसते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली आले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यात देवनागरी होती. मानक असूनही प्रकाशक, मुद्रक, विद्यापीठे आणि आपण सारे कित्येक वर्षे खासगी फॉन्टांतच लिहीत राहिलो. परिणामी डिस्क धडधाकट असली, फाइल अखंड असली, तरी प्रबंध वाचता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत मुद्दाम झाकून ठेवले होते, आणि ती लिपी उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. आपण काहीही झाकायचे नसताना, केवळ बेफिकिरीने, आपल्याच लेखनाची सकळ लिपी करून ठेवली आहे. रूपांतरक उपलब्ध आहेत, हे खरे. पण रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अर्धा र यांच्या जागी झालेल्या चुका डोळ्यांनी वाचूनच दुरुस्त कराव्या लागतात. हे काम मराठीच्या माणसाचे नाही, तर मग कोणाचे?

आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला परिचित आहेत. पहिला असा की, आता सर्व काही ‘क्लाउड’वर असते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या गावातली हार्डडिस्क. ती उत्तम सांभाळली जाते, यात शंका नाही. पण खाते असते एका व्यक्तीच्या नावावर. तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण अध्यापक वर्षअखेर निघून जातो, ज्येष्ठ अध्यापक निवृत्त होतात, आणि परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर जातो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आहे. शिवाय डिस्कवर चुकून पुसलेली फाइल क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्येही इमानेइतबारे पुसली जाते. जोडणी ही प्रत नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो आम्हांला मान्यच नाही. एका परिसंवादाच्या शाली, श्रीफळे आणि फ्लेक्स यांच्या खर्चात आणखी दोन डिस्क येतात, आणि मोडलेली डिस्क उघडायला लागणारा पैसा त्याहून कितीतरी अधिक असतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकसाहित्य मौखिक असते. ते बदलते, विरते, पुन्हा जन्मते. त्याला साठवण्याचा अट्टहास कशाला, असे काही मित्र विचारतात. जाती गेली, पिठाची गिरणी आली, ओवी गाण्याची वेळच उरली नाही. बाई मुलीला ओवी देत होती ती साखळी तुटलेली असताना ‘मौखिक परंपरा स्वतःला सांभाळेल’ असे म्हणणे म्हणजे जबाबदारी झटकण्यासाठी काढलेला सैद्धांतिक बुरखा आहे. आणि एकदा आपण त्या बाईच्या ओसरीवर बसून तिचे गाणे मागून आणले, की ते सांभाळणे हे आपल्यावरचे ऋण होते. तिने ते आपल्याला दिले, ते आपल्या मूल्यांकन-अहवालातील एक ओळ वाढावी म्हणून नव्हे.

हे काम होऊ शकते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातलेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला : एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या. बर्नार्ड बेल यांनी त्याचा संगणकीय कोश उभा केला आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटेव्हिन २००४ साली आणि हेमाताई २०१० साली गेल्या. ध्वनिमुद्रणाच्या ज्या डिजिटल फिती त्या काळी उत्तम मानल्या जात, त्यांची यंत्रे बनवणेही सोनीने २००५ साली थांबवले. संग्रह मात्र टिकला. ध्वनिमुद्रणाची एक प्रत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-अभिलेखागारात गेली, एक फ्रान्समध्ये. आणि २०१७ पासून ‘परी’ने या ओव्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह लोकांपुढे आणल्या. संस्थापक गेले, यंत्रे गेली, तरी ओव्या राहिल्या, त्या ठिकठिकाणच्या प्रतींमुळे आणि प्रत्येक ओवीला चिकटवलेल्या नावामुळे. यात चमत्कार कुठेही नाही.

याउलट आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेकडे पाहा. पीएच.डी.चा प्रबंध ‘शोधगंगे’वर चढतो, हे चांगलेच झाले. पण ज्या ध्वनिमुद्रणांवर, मुलाखतींवर आणि वह्यांवर तो उभा असतो ती साधनसामग्री संशोधकाच्या घरातल्या डिस्कवर राहते आणि तिच्याबरोबरच मरते. परिशिष्टात निवडक पंचवीस गीते छापली की मार्गदर्शकही संतुष्ट आणि बहिस्थ परीक्षकही संतुष्ट. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्या दर्जासाठी नाणेघाटाचा शिलालेख आणि गाथासप्तशती यांचे दाखले दिले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याला वीस वर्षांपूर्वी आपल्याच विद्यार्थ्यांनी उतरवून आणलेली अक्षरे दाखवता येऊ नयेत, ही विसंगती कोणाला बोचत कशी नाही?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत पाठचिकित्सेबरोबर संगणकीय संहितेचे जतन शिकवले जावे, आणि ते मराठीच्या अध्यापकाने शिकवावे. क्षेत्रीय अभ्यासाची प्रत्येक सामग्री तीन प्रतींत, दोन प्रकारच्या माध्यमांवर असावी आणि त्यांतील एक प्रत गावाबाहेर असावी. मावळातली प्रत कोरड्या हवेच्या ठिकाणी, शक्य तर पठारावरच्या एखाद्या सहयोगी महाविद्यालयात ठेवावी. मजकूर युनिकोडमध्येच असावा. गाणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने, गाव आणि तारीख फाइलच्या नावात असावी, तशीच फाइलच्या आत आणि कागदावरही असावी. मूळ वही रद्दीत देण्याचा अधिकार कोणालाही नसावा. प्रबंध स्वीकारताना विद्यापीठाने साधनसामग्रीची प्रतही मागून घ्यावी. ज्या गावाने गाणी दिली, त्या गावच्या शाळेत त्यांची एक प्रत पोहोचवावी. तिथे ती ऐकली जाईल, आणि ऐकली जाणारी प्रत नादुरुस्त झाली तर लगेच कळेलही.

आणखी एक. दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन भाषणांनी साजरा करतो. त्या दिवशी प्रत्येक मराठी विभागाने आपल्या साऱ्या डिस्क उघडाव्यात, प्रत्येक फाइल वाचता येते का ते पाहावे, जी कुरकुरते तिची नवी प्रत करावी, आणि काय वाचता आले नाही याची यादी फलकावर लावावी. पहिल्या वर्षी ती यादी लांबलचक असेल. ती प्राचार्यांनी वाचावी, विद्यार्थ्यांनी वाचावी, आणि पुढच्या वर्षी तिच्यात भर का पडली याचा जाब विभागाला विचारावा.